हक्कसोडीचा सदरा

दादांना ‘मालक’ म्हटलेलं खपत नसे. डोणगावच्या बाजारओळीतली गाळ्यांची अख्खी चाळ त्यांच्या घराण्याची. भाडं त्यांच्याकडे द्यायचं, छप्पर गळलं तर निरोप त्यांनाच धाडायचा. पण कुणी नवखा भाडेकरू "मालक, जरा ऐका ना" म्हणाला की दादा मागे वळून रस्त्याकडे बघत. मग त्याच्याकडे तोंड करून अगदी गंभीरपणे म्हणत, "कोन मालक? मले तं कोनी दिसून नाही राह्यलं." तो बिचारा गोंधळून जायचा. आम्ही जुने भाडेकरू गालातल्या गालात हसायचो.

मी त्या चाळीतच वाढले. पुढच्या गाळ्यात आमच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान आणि मागच्या खोलीत आमचा संसार. त्यामुळे दादा मला जन्मापासून पाठ होते. उंच, हाडकुळे, डोक्याला टोपी, पायात टायरच्या चपला आणि उजव्या हाताची बोटं कायम चुन्यानं पांढरी. कारण सकाळचा चहा झाला की दादा भिंती वाजवत निघायचे. बाजारात टरबूज घेताना माणूस टिचकी मारून बघतो ना, तसं प्रत्येक गाळ्याच्या भिंतीवर टकटक करायचे आणि कान लावायचे. आवाज बसका आला की म्हणायचे, "इले ओल लागली." मग दुपारपर्यंत गवंडी हजर. दुकानात गिऱ्हाईक असो, घरात पाहुणे जेवायला बसलेले असोत, दादांची टकटक थांबत नसे. अम्मी वैतागायची. हा माणूस एक दिवस भिंतीशीच निकाह लावणार, म्हणायची.

आम्हा पोट्ट्यांना ते वाटेत धरायचे. "हे भिंत कोनाची बे?"

नवीन पोरगं म्हणायचं, "तुमची." चूक. दुसरं हुशारी करून म्हणायचं, "आमची." तेही चूक. "कोनाचीच नाही" म्हटलं की सदऱ्याच्या खिशातून लिमलेटची गोळी निघायची. गोळीच्या लालचीनं मी दिवसभर त्यांच्या वाटेत घुटमळायचे. "भिंतीले मालक भेटला का भिंत फुगते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता, गोळी मात्र कळायची.

चाळ बांधली ती दादांच्या वडिलांनी. ते गेल्यावर त्यांच्या चारही लेकरांची नावं लागली. सगळ्यांत मोठे दादा, मग मधले काका, मग लहाने काका आणि शेवटची आत्या. आत्या या तिघांची एकुलती एक बहीण. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, साखरखेर्ड्याच्या सासरी तिला कुणी नीट राहू दिलं नाही, आणि दादा तिला घेऊन आले. तेव्हापासून चाळीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत ती एकटी राहायची. उन्हाळ्यात कुरडया-पापड करून विकायची, पण तिची चूल खरी पेटायची ती तिच्या वाट्याच्या भाड्यावर. ते भाडं आणि त्या खोल्या गेल्या तर आत्याला दुसरं ठिकाण नव्हतं. पुढचा सगळा खटाटोप दादांनी या एका गोष्टीपायी केला.

आमच्याकडे घराघरांत वाटण्या होतात आणि कुणाला कोपऱ्यावरचा गाळा जातो, कुणाला मुतारीशेजारचा. मग ते दोघं भाऊ मरेपर्यंत एकमेकांच्या दारात जात नाहीत. दादांनी वाटणी केलीच नाही. त्यांनी आखाजीची पद्धत काढली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात. दादा ती घागर आधी कोरडीच मधे मांडायचे. गाळ्यांचे चार गट पाडलेले, त्यांच्या चार चिठ्ठ्या घागरीत. ज्याच्या नावाला जो गट निघेल, त्याचं वर्षाचं भाडं त्याचं आणि त्या गटाची डागडुजीही त्याचीच. पुढच्या आखाजीला पुन्हा चिठ्ठ्या. चिठ्ठी काढायला अब्बांना बोलावणं असायचं, कारण अब्बा चौघांपैकी कुणाचेच नात्यातले नव्हते. अब्बा बाही कोपरापर्यंत दुमडून घागरीत हात घालायचे. चिठ्ठ्या निघाल्या की मग तीत पाणी पडायचं, आणि मग पूजा, आंब्याचा रस, पुरणपोळी. आमच्याकडेही ताट यायचं.

आता माणूस तो माणूसच. मधल्या काकांनी सुरुवातीलाच डोकं चालवलं. पुढच्या साली गाळे दुसऱ्याच्या नावावर निघणार, तर पत्रे बदलायचा खर्च मी काऊन करू? पत्रे राहिले तसेच. आखाजीला चिठ्ठ्यांच्या आधी दादांनी सगळ्यांना घेऊन चाळभर फेरी मारली. मधल्या काकांच्या गाळ्यात उभं राहून वर बघितलं. पत्र्याच्या भोकातून ऊन थेट त्यांच्या टोपीवर पडलं होतं.

"हा गट या साली बी तुह्याकडंच," दादा म्हणाले. "चिठ्ठी बाकी तिघायची."

एवढंच. ना आवाज चढला, ना शिवी. पण त्यानंतर आखाजी जवळ आली की चाळीत अशी रंगरंगोटी चालायची की नवखा माणूस विचारायचा, लग्न कुणाचं आहे हो इथं. मी आज लोकांच्या सामायिक मिळकतींची प्रकरणं हाताळते, भले भले शिकलेले भाऊ एकमेकांचे गळे धरताना बघते, आणि दर वेळी मला ती कोरडी घागर आठवते. काय डोकं होतं त्या माणसाचं. मला अजून नवल वाटतं.

हक्कसोड हा शब्द मी अब्बांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. बाप गेला की भाऊ बहिणीला रजिस्ट्री कचेरीत घेऊन जातात. तिथे ती वडिलांच्या मिळकतीवरचा आपला हक्क भावांच्या नावानं सोडून देते, सही करते, अंगठा देते. मग भाऊ तिला साडी-चोळी करतात आणि जेवू घालतात. जबरदस्ती कुणी करत नाही. करावीच लागत नाही, कारण सही केली नाही तर माहेरचं दार बंद होतं हे प्रत्येक बाईला न सांगता ठाऊक असतं.

आत्यालाही तसंच मेहकरच्या कचेरीत नेलं होतं. मी तेव्हा जन्मायची होते. कागद मधल्या काकांनीच तयार करून घेतला होता आणि साडीसुद्धा तेच घेऊन आले होते, कागदी पुडक्यात बांधून. साक्षीदार म्हणून अब्बा होते. आत्या पदर कपाळापर्यंत ओढून बाकावर बसलेली. दादा बाहेर लिंबाखाली फुटाणे खात उभे. सगळ्यांना वाटलं, मोठ्यालाही हे मान्यच आहे. कारकुनानं आत्याचं नाव पुकारलं, तसे दादा हात झटकत आत आले.

"तिच्या खाली माह्यं बी नाव लिहा," म्हणाले.

"तुमचं कशाला?"

"हक्क सोडाले. तिनं सोडला तं मी बी सोडला. एकाच बापाची लेकरं हावो आम्ही."

कारकून म्हणाला, "अहो, सोडायचा तर कुणाच्या तरी नावानं सोडावा लागतो. कुणाला देता?"

"हे दोघं हायेत ना उरलेले. खाऊ द्या त्यायले."

मधल्या काकांचा चेहरा उतरला. बहिणीचा वाटा घेतला तर गावात कुणी काही म्हणत नाही, पण मोठ्या भावाचाही घेतला म्हटल्यावर डोणगावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. कागद तिथेच फाडला गेला. एस.टी.नं सगळे परत आले, तेव्हा वाटेत दादा उरलेले फुटाणे सगळ्यांच्या ओंजळीत घालत होते. पुडक्यातली साडी पुढे मधल्या काकूंनी नेसली. हे सगळं सांगून झालं की अब्बा शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवायचे आणि म्हणायचे, "बेटा, आदमी देखा तो उस दिन देखा."

यथावकाश मी सीए झाले आणि मेहकरला ऑफिस टाकलं. आमच्या चाळीतली पोरगी सीए झाली म्हणून दादांनी बाजारभर पेढे वाटले होते. पण ऑफिसात ते पहिल्यांदा आले ते मध्ये बरीच वर्षं उलटल्यावर, थकलेले, काठी टेकत. खुर्चीवर बसायच्या आधी भिंत वाजवली.

"ओल हाये," म्हणाले.

होती. मी घरमालकाला कधीची सांगत होते.

मग ते बसले आणि कामाचं बोलले. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या भागातल्या जागांना अचानक भाव आला होता. कुणा बाहेरगावच्या माणसाला शोरूमसाठी चाळीचा पुढचा भाग हवा होता. मधल्या काकांच्या मुलानं, म्हणजे दादांच्या पुतण्यानं, वाटणीचा घोशा लावला होता. त्याचा नकाशाही तयार होता. पुढचे गाळे भावांना, मागच्या खोल्या आत्याला. आत्याच्या खोल्यांना मग रस्ताच उरत नव्हता आणि भाडंही नव्हतं.

"मी हाओ तोवर घागर हाये," दादा म्हणाले. "मी गेलो का घागर फुटली समज. मंग ते बाई या वयात कुठं जाईन? सांग मले, काय करता येते?"

मी एकेक सांगत गेले. वाटणीपत्र, मृत्युपत्र, विश्वस्त संस्था. दादा मान हलवत होते, पण लक्ष नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "किंवा मग चाळ एका कंपनीच्या नावावर करायची, आणि तुम्ही चौघं त्या कंपनीचे भागधारक."

"कंपनी म्हंजे कोन?"

"कायद्याच्या नजरेत ती एक माणूसच असते, दादा. तिच्या नावावर जागा होते. भाडं ती घेते, कर ती भरते, कोर्टात जायचं तर ती जाते."

ते पुढे सरकले. "मरते का?"

"मोडीत काढली तरच."

"लगन होते का तिचं?"

"नाही हो."

"लेकरं-बाळं? सुना?"

"काही नाही."

"मंग तिच्याशी भांडन कोन लावन?"

मला हसू आलं होतं, पण दादांकडे बघितलं आणि ते विरलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी दोन्ही हात काठीवर ठेवले. मग म्हणाले, "पोरी, असाच मानूस मी धुंडून राह्यलो होतो. त्या टायमाले कारकून इचारे, कोनाले देता. मले सुचलं नाही. आता सापडला."

तेव्हा मला कळलं की कचेरीतल्या त्या दिवसाचा प्रश्न हा माणूस इतकी वर्षं डोक्यात घेऊन हिंडत होता.

मी माझं काम केलं, म्हणजे त्यांना घाबरवलं. मुद्रांक शुल्क लागेल, भांडवली नफ्यावर कर लागेल, दर वर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतील, सगळ्या भाडेकरूंचे करार कंपनीच्या नावानं नव्यानं करावे लागतील, आणि चौघांच्या सह्या झाल्याशिवाय यातलं काहीच होणार नाही. फायद्याचा विचार केला तर हे करू नये, असंही स्पष्ट सांगितलं.

"फायदा कोनी इचारला तुले?" दादा म्हणाले. खर्चाची तजवीज त्यांनी एकट्यानं केली. विहिरीजवळचं स्वतःचं वावर त्यासाठी मोडलं, हे मला नंतर लहान्या काकांकडून समजलं.

कागद तयार व्हायला लागले. चौघांना सारखे भाग. कुणाच्या भागात कुठला गाळा, असं काही नाही. भिंत न् भिंत कंपनीची. कुणाला आपला भाग विकायचा झाला तर आधी बाकीच्या तिघांना विचारायचं, बाहेरच्याला परस्पर देता यायचा नाही. आत्याच्या खोल्या तिच्या हयातभर तिच्याकडे, असा करार कंपनी करून देणार. हे सगळं वाचून दाखवल्यावर दादा म्हणाले, "म्हंजे बिनाचिठ्ठीची आखाजी." मी कंपनीचं नाव तेच सुचवलं, आखाजी. घराण्याचं आडनाव नको, हा त्यांचा पहिल्यापासूनचा हट्ट होता.

दादांची डिजिटल सही काढताना माझ्या ऑफिसातल्या पोरींची हसून पुरेवाट झाली. त्यासाठी कॅमेऱ्यासमोर बसून नाव सांगायचं असतं, ओळखपत्र दाखवायचं असतं. दादांनी टोपी सरळ केली आणि कॅमेऱ्याला हात जोडून म्हणाले, "राम राम. जेवले का?" ध्वनिचित्रण नामंजूर होऊन परत आलं. पुन्हा केलं, तर त्यांनी नाव सांगितल्यावर विचारलं, "तुमचं नाव काय? मीच सांगू का एकटा?" तेही परत. शेवटी मी शेजारी बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कुठं जमलं. बाहेर पडताना मला म्हणाले, "त्या कंपनीवाल्यायले रीतभात नाही वं, उत्तरच देत नाहीत."

सगळ्यांत अवघड गेलं ते पुतण्याला पटवणं. तो एकदा माझ्याकडे येऊन तडकून बोलला. "मोठ्या बाबाले दोन्ही पोरीच हायेत. म्हनून हे पोरींच्या हक्काचं नाटक चालू हाये. तुमाले समजून नाही राह्यलं काय, मॅडम?" मी ते जसंच्या तसं दादांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील.

"हाव, मले पोरीच हायेत," दादा म्हणाले. "पन मी पह्यल्यांदा हक्क सोडाले गेलो, तवा मले एक बी लेकरू नव्हतं. हे बी सांग त्याले."

मधले काका मात्र हो म्हणाले, निदान तोंडानं तरी. मग खरेदीखताचा दिवस ठरला. खरेदीखत म्हणजे ज्यानं चाळ कंपनीच्या नावावर होणार तो कागद. मेहकरची तीच कचेरी, फक्त इमारत नवी, आणि शाईच्या अंगठ्याऐवजी यंत्रावर बोट टेकवायचं. साक्षीदार म्हणून दादांनी पुन्हा अब्बांनाच आणलं होतं. लिंबाखाली आम्ही सगळे उभे होतो. दादांच्या हातात एक फुगलेली कापडी पिशवी होती.

आमचा नंबर यायच्या जरा आधी पुतण्यानं खिशातून एक घडी केलेला मसुदा काढून माझ्या हातात दिला. आत्याचं हक्कसोडपत्र होतं.

"आधी हे होऊ द्या," तो म्हणाला. "मंग तिघं भाऊ पाह्यजे ती कंपनी करोत. बाबा बी तेच म्हनून राह्यले."

मी मधल्या काकांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. काखेत एक पुडकं धरलेलं होतं आणि त्यात काय आहे हे सांगायची गरज नव्हती. "दादा, चार भाग नाही, तीन करा," ते पुटपुटले. "त्याच्याबिगर मी सही करत नाही."

त्यांच्या सहीवाचून सगळंच अडलं असतं. आत्यानं पदर सावरला आणि लहानपणापासून सवय असल्यासारखी कागदासाठी हात पुढे केला. "आना," ती म्हणाली. "माह्याच्यानं भांडन नोको."

मला वाटलं, दादा आता पुन्हा म्हणतील, माझंही नाव लिहा, आणि या वेळी हा पुतण्या सरळ म्हणेल, लिहा. त्याला गावाची लाज नव्हती.

दादा तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी आत्याचा हात हळूच खाली केला आणि मला म्हणाले, "पोरी, आपला कागद वाच. ते शेवटचं."

मी खरेदीखत उघडून वाचलं. "सदर मिळकतीवर लिहून देणार क्रमांक एक ते चार यांचा अथवा त्यांच्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध यापुढे राहिलेला नाही."

"लिहून देनार कोन कोन?"

"तुम्ही चौघं."

"आन् लिहून घेनार?"

"कंपनी."

दादा मधल्या काकांकडे वळले. "तुले हक्कसोडच पाह्यजे होती ना? हे हक्कसोडच हाये. फक्त एकटीची नाही, चौघायची हाये." मग त्यांनी पिशवी उघडली आणि एकेक करून चार साड्या काढल्या. हिरवी, जांभळी, पिवळी आणि आत्यासाठी लाल काठाची. "हक्क सोडनाऱ्याले साडी देतात, ही आपली रीत हाये. म्या रीत मोडत नाही. हे माह्यी. हे तुह्यी, घे."

जांभळी साडी मधल्या काकांसमोर धरलेली. रजिस्ट्रीला आलेली माणसं वळून बघायला लागली होती. पुतण्या "मोठे बाबा, हे काय लावलं" म्हणत मधे आला, पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मी कायले साडी घेऊ?" मधले काका म्हणाले. "लोक पाहून राह्यले, दादा."

तेव्हा आत्या बोलली. एरवी भावांपुढे तिचा आवाज निघत नसे. "घे रे भाऊ," ती म्हणाली. "मले बी लाजच वाटली होती त्या रोजी."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. समजूत काढल्यासारखं म्हटलं होतं. मधले काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या काखेतलं पुडकं कधी खाली पडलं ते त्यांनाही कळलं नसावं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून साडी घेतली आणि आतून पुकारा झाला तेव्हा ती तशीच छातीशी धरून आत गेले. यंत्रावर बोट टेकवताना त्यांनी ती डाव्या हातात घेतली होती. खतावर छापलेल्या फोटोतही ती आली आहे. मी ते खत जपून ठेवलं आहे आणि कधीकधी उगीचच काढून बघते. चार म्हातारी माणसं, चौघांच्या हातात साड्या, आणि दादा कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलत आहेत. जेवले का, हेच विचारत असणार.

पुढच्या आठवड्यात दादांनी ती हिरवी साडी अब्बांच्या टेबलावर टाकली. "सदरा शिव."

अब्बा म्हणाले, "दादा, साडी आहे."

"माह्यी हाये. सदरा शिव."

अब्बांनी शिवला. काठ छातीवर पट्टीला आणला, उरलेला बाह्यांना लावला. दादा तो सदरा घालून ऐन बाजारच्या दिवशी डोणगावभर हिंडले. कुणी विचारलं की ऐटीत सांगायचे, "हक्कसोडीचा हाये." त्या वर्षी आमच्या भागातल्या किती बहिणींनी भावांना प्रश्न विचारले असतील, मला माहीत नाही. पण बाया दादांना बघून पदराआड हसायच्या आणि मग आपसात बराच वेळ बोलत राहायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. लहान्या काकांनीही आपल्या पिवळ्या साडीचा सदरा शिवून घेतला. मधल्या काकांनी मात्र जांभळी साडी पेटीत टाकून कुलूप लावलं. दादांशी ते बोलायचे, कंपनीच्या सभेला यायचे, पण साडीचा विषय काढला की उठून जायचे.

दादा गेले ते हिवाळ्यात. सकाळी भिंती वाजवून आले, आत्याच्या दाराशी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत भिंतीला टेकून बसले, ते तसेच. आत्यानं कप खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसली. अब्बा पळत गेले. दादांच्या अंगात हिरवा सदरा होता. आत्यानं तो काढू दिला नाही, त्याच्यासकटच त्यांना नेलं. मी खूप रडले. माझ्या सख्ख्या आजोबांसाठीसुद्धा मी इतकी रडले नव्हते.

मग आखाजी आली. आता चिठ्ठ्यांची गरज नव्हती, भाडं कंपनीकडे जमत होतं आणि चौथा वाटा दादांच्या मुलींना पोचत होता. पण त्या वर्षी दादांच्या नावाची पहिली घागर भरायची होती, म्हणून सगळे आत्याच्या खोलीत जमले. अब्बांनाही बोलावणं होतं, मीही गेले. आत्या ती लाल काठाची साडी नेसली होती. मधल्या काकांची वाट बघणं चाललं होतं.

ते आले तेव्हा दारातली माणसं बाजूला झाली. अंगात जांभळा सदरा. काठ छातीवर, बाह्यांवर. मी अब्बांकडे बघितलं. अब्बा छताकडे बघत होते. शिवला त्यांनीच होता आणि घरात आम्हाला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

मधले काका आत आले, उजव्या हाताची बोटं मुडपून दाराशेजारची भिंत वाजवली आणि कान लावला. मग घागरीसमोर बसले. आता घरात तेच मोठे, म्हणून लहान्या काकांनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. काकांनी तो आत्यापुढे सरकवला.

"तू भर."

"मोठा तू हाएस आता," आत्या म्हणाली.

"मंग मोठ्याचं ऐक," काका म्हणाले.

आत्यानं तांब्या उचलला आणि घागर भरली.